‘उजवा अर्धा’ आणि इतर दिग्गज : भारतीय हॉकीवरील एका पत्त्यांच्या संचाचा परिचय

भारताच्या हॉकी संघाच्या इतिहासात सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद आमच्या घरी ऑलिंपिकच्या सुमारास हमखास निघतो आणि दर वेळी ध्यानचंद यांच्या नावापाशी येऊन थांबतो, कारण त्यानंतर बोलण्यासारखे कुणाकडे फारसे उरत नाही. त्यामुळे भारतीय हॉकीच्या दिग्गजांवरील पत्त्यांचा एक संच विक्रीस आल्याचे कळले, तेव्हा तो लगेच मागवला. गेले दोन महिने आम्ही चौघे, म्हणजे मामा, दाजी, आठवीतली भाची आणि मी, जवळजवळ प्रत्येक रविवारी त्यावर खेळत आहोत. संचात काही ढोबळ चुका असल्यामुळे तो काढणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही. ज्यांना हॉकीत रस आहे, त्यांना हा संच शोधून काढणे अवघड जाणार नाही.

डबीत ६४ पत्ते आहेत. त्यांतले ५६ खेळाडूंचे, सहा ‘मैदाना’चे आणि दोन कोरे आहेत. कागद जाड आहे, वरचा मुलामा गुळगुळीत आहे आणि दोन महिने पिसूनही कोपरे दुमडलेले नाहीत. खेळाडूच्या प्रत्येक पत्त्यावर छायाचित्र, खेळण्याची जागा, जन्मस्थळ, चार ओळींचा मजकूर आणि खाली पाच चौकटी आहेत : आंतरराष्ट्रीय सामने, गोल, ऑलिंपिक पदके, कारकिर्दीची वर्षे आणि ‘कौशल्य’. यांतली शेवटची चौकट शंभरपैकी गुण देते. ते कोणी आणि कशाच्या आधारावर दिले, हे नियमपुस्तिकेत कोठेही सांगितलेले नाही. ध्यानचंद यांना अर्थातच शंभर आहेत.

मराठी मजकुराबद्दल आधीच सांगून टाकतो. तो हॉकी पाहणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेला नाही. लेस्ली क्लॉडियस यांचा पत्ता मामांनी पहिल्यांदा हातात घेतला आणि चष्मा काढून पुन्हा लावला, कारण त्यावर खेळण्याची जागा ‘उजवा अर्धा’ अशी छापलेली होती. ‘राइट हाफ’चे, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे खेळणाऱ्याच्या जागेचे, हे भाषांतर वाचल्यापासून आमच्या घरात क्लॉडियस यांना त्याच नावाने ओळखले जाते, आणि चार ऑलिंपिक खेळून तीन सुवर्ण व एक रौप्य मिळवणाऱ्या माणसाला ते मुळीच शोभत नाही. पेनल्टी कॉर्नरचा, म्हणजे समोरच्या संघाने आपल्या गोलजवळ नियम मोडल्यावर मिळणाऱ्या संधीचा, ‘दंड कोपरा’ झाला आहे. धनराज पिल्ले यांचे जन्मस्थळ ‘किरकी’ असे दिले आहे. इंग्रजांच्या काळातील स्पेलिंगवरून ते जसेच्या तसे उतरवलेले दिसते. खडकीच्या मैदानांवर तयार झालेल्या खेळाडूच्या बाबतीत, तेही मराठी आवृत्तीत, अशी चूक पुणेकराला सहन होणे कठीण आहे. या विषयात मी तटस्थ नाही, हेही येथे मान्य करतो.

संचात दोन खेळ सुचवले आहेत. पहिला खेळ आपण लहानपणी खेळलेल्या ट्रम्प कार्डांसारखा आहे : एकाने चौकट निवडायची, प्रत्येकाने आपल्या पत्त्यावरचा आकडा वाचायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याने सगळे पत्ते घ्यायचे. कुस्तीपटूंच्या वजनाला आणि उंचीला ही रीत चालत असेल. हॉकीच्या नव्वदहून अधिक वर्षांच्या इतिहासाला ती चालत नाही, हे पहिल्याच डावात लक्षात आले. दाजींनी ‘सामने’ ही चौकट निवडली. त्यांच्या हाती दिलीप तिर्की होते, ज्यांच्या नावावर चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आहेत, आणि मामांच्या हाती ध्यानचंद. ध्यानचंद तीन ऑलिंपिक खेळले, पण त्या तिन्हींत मिळून भारताचे सामने झाले अवघे बारा : १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला पाच, १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला दोन आणि १९३६ मध्ये बर्लिनला पाच. तेव्हा संघ बोटीने प्रवास करीत, आणि आज वर्षभर चालणाऱ्या लीगसारखे काही नव्हते. तिर्की उत्तम बचावपटू होते यात शंका नाही. मात्र त्यांनी ध्यानचंद यांना ‘जिंकून’ नेले, तेव्हा मामांनी पत्ता असा काही सरकवला की पुढचा डाव वाटायला थोडा वेळ जाऊ द्यावा लागला.

‘गोल’ ही चौकट तर याहून अन्यायकारक आहे. तिच्यात हाफ, बॅक (म्हणजे बचावपटू) आणि गोलरक्षक जवळजवळ नेहमी हरतात. शिवाय तिच्यातले आकडे एका जातीचे नाहीत. हरमनप्रीत सिंग यांचे दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल आहेत आणि त्यांतला मोठा वाटा पेनल्टी कॉर्नरवरच्या ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात भिरकावण्याचा, आहे. रूप सिंग यांनी १९३२ मध्ये अमेरिकेविरुद्ध एकाच सामन्यात दहा गोल केले; भारताने तो सामना २४-१ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत एकूण संघच तीन होते. या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून हाती काहीच लागत नाही. धनराज यांच्या बाबतीत अडचण निराळीच आहे, कारण त्यांच्या काळात महासंघाने गोलांची नीट अधिकृत नोंद ठेवली नाही, तरीही संचाने चौकटीत बिनदिक्कत एक आकडा छापला आहे. बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले, त्यात ध्यानचंद यांचे गोल कोठे तीन आढळतात तर कोठे सहा. पत्त्यावर सहा दिले आहेत. अशा ठिकाणी एक तारांकित टीप पुरेशी झाली असती, आणि वाद घालणाऱ्यांना ती आकड्याहून अधिक उपयोगी पडली असती.

एवढ्यावर हा संच मी कपाटात टाकून दिला असता. त्याला वाचवले ते दुसऱ्या खेळाने. यात प्रत्येकाला चौदा पत्ते मिळतात, त्यांतून अकरा जणांचा संघ मांडायचा असतो, आणि त्यानंतर ‘मैदाना’च्या सहा पत्त्यांपैकी एक उलटला जातो. त्या पत्त्यावर परिस्थिती लिहिलेली असते. उदाहरणार्थ एकावर ‘ओले गवत, ऑफसाइड लागू, पेनल्टी कॉर्नरचा चेंडू हाताने थांबवता येईल’ असे आहे, तर दुसऱ्यावर ‘पाणी मारलेले टर्फ, ऑफसाइड नाही, बदली खेळाडू हवे तितक्या वेळा’. त्या परिस्थितीत आपला संघ इतरांच्या संघाला का हरवेल, हे प्रत्येकाने दोन मिनिटांत पटवून द्यायचे आणि मग मतदान. स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. ही कल्पना ज्याला सुचली, त्याने नक्कीच अशा वादांत आयुष्यातील बरेच तास घालवले असावेत.

हा एक पत्ता उलटला की वादाचे स्वरूपच पालटते, कारण मग ‘श्रेष्ठ कोण’ असे मोघम बोलता येत नाही आणि ‘कोणत्या मैदानावर, कोणत्या नियमांत’ हे सांगावेच लागते. मोहम्मद शाहिद यांचेच पाहा. बनारसच्या या खेळाडूचा डॉज म्हणजे चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा नेऊन समोरच्या बचावपटूला चुकीच्या पायावर टाकणे. मॉस्कोत १९८० मध्ये स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारत ४-३ असा जिंकला, तेव्हा भारताचा चौथा गोल त्यांचा होता. गवताचा पत्ता निघाला तर चेंडू उसळतो, गती मंदावते आणि असा कलाकार सोन्यासारखा ठरतो. टर्फ, म्हणजे कृत्रिम मैदान, निघाले तर दाजी लगेच म्हणतात, की आताच्या प्रेसिंगमध्ये, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून दबाव टाकण्यात, तीन जण अंगावर येण्याआधी चेंडू सोडावाच लागतो. त्यावर भाचीचे उत्तर असे, की शाहिद यांनी मॉस्कोतले सुवर्ण कृत्रिम मैदानावरच मिळवले होते. तिचे हे म्हणणे बरोबर आहे. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथम कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला, त्याच्या पुढचेच हे ऑलिंपिक.

त्याच न्यायाने हरमनप्रीत यांना गवतावर उतरवले की त्यांची ड्रॅग फ्लिक आधी संकटात सापडते, कारण खडबडीत जमिनीवर चेंडू स्टिकवर घेऊन तसा ओढत नेणेच अवघड. तेथे पृथिपाल सिंग यांच्यासारखा जोरकस फटक्याचा बॅक हवा. उलट बलबीर सिंग सीनियर यांना कोणत्याही मैदानावर उभे करा, त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याची पंचाईत होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताने तीन सामन्यांत १३ गोल केले, त्यांतले नऊ त्यांचे होते. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे, आणि ऑलिंपिकच्या पुरुष हॉकीतील अंतिम सामन्यात एका खेळाडूने केलेल्या गोलांचा तो विक्रम अजूनही मोडलेला नाही. १९४८ मध्ये वेम्ब्लीच्या जड, ओल्या मैदानावर ज्यांची सत्ता नुकतीच संपली होती त्या ब्रिटनला भारताने ४-० असे हरवले, त्यात दोन गोल त्यांचे होते. १९५६ मध्ये मेलबर्नला तर ते हाताचे बोट मोडलेले असताना कर्णधार म्हणून अंतिम सामन्यात उतरले. ध्यानचंद यांच्या नावापाशी न थांबता वाद पुढे न्यायचा असेल, तर तो याच माणसापासून पुढे नेता येतो, असे माझे मत या दोन महिन्यांत पक्के झाले आहे. मामांना ते मान्य नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार गोल करणाऱ्याला चेंडू कोणीतरी द्यावा लागतो, आणि हेलसिंकीत तो देणारे कर्णधार कुंवर दिग्विजय सिंग ‘बाबू’ होते.

आणि नेमक्या याच बलबीरांच्या पत्त्यावर चेहरा दुसऱ्याचा आहे. छायाचित्रातील खेळाडू मेलबर्नच्या संघातला नाही, हे मामांनी ओळखले. त्यांच्या मते तो १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधल्या बलबीरांपैकी एक आहे. त्या संघात बलबीर सिंग नावाचे तिघे होते, त्यामुळे घोटाळा कसा झाला असेल हे समजू शकते. पण ‘सीनियर’ हे बिरुद ज्या कारणासाठी लावावे लागले, तेच कारण संच काढणाऱ्यांना माहीत नसावे, हे खटकते. मी कंपनीला छायाचित्रासह कळवले. पुढील छपाईत दुरुस्ती करू, असे दोन ओळींचे उत्तर आले. बदली पत्ता मात्र आलेला नाही.

गोलरक्षकांचे पत्ते सगळ्या संचात सर्वांत चांगले उतरले आहेत, हे आवर्जून सांगायला हवे. बहुधा गोलांच्या चौकटीत शून्य छापावे लागल्यामुळे मजकूर लिहिणाऱ्याने येथे अधिक कष्ट घेतले असावेत. शंकर लक्ष्मण यांचा पत्ता घ्या. छायाचित्रात महूचा हा गोलरक्षक पायांना पॅड बांधून, उघड्या डोक्याने, गुडघे किंचित वाकवून उभा आहे. आजचे हेल्मेट आणि अंगभर फोमचे चिलखत पाहिलेल्या भाचीला तो गोलरक्षक आहे हेच आधी कळले नाही. खाली लिहिले आहे, की १९५६, १९६० आणि १९६४ अशा सलग तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत ते पाकिस्तानविरुद्ध खेळले आणि तिन्ही सामने १-० असे सुटले, दोन भारताच्या बाजूने आणि एक विरोधात. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत मिळून त्यांनी एकच गोल स्वीकारला. हे वाचल्यावर टेबलाभोवती काही क्षण कुणी बोलले नाही, आणि आमच्या घरात असे क्वचितच घडते.

त्यांच्या समोर रिचर्ड ॲलन येतात, ज्यांनी १९२८ च्या पाच सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि पी. आर. श्रीजेश येतात. भाचीची हॉकी टोकियोपासून सुरू होते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत मिळालेला पेनल्टी कॉर्नर श्रीजेश यांनी अडवला आणि ४१ वर्षांनी भारताला ऑलिंपिक पदक मिळाले, ही तिची पहिली आठवण आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाल्यावर भारत दहा जणांनिशी ब्रिटनशी बरोबरीत टिकला आणि शूटआउट जिंकला, तेव्हाही गोलात तेच होते. मामांचा आक्षेप असा, की ॲलन आणि लक्ष्मण यांच्या पुढचे बॅक इतके भक्कम होते की चेंडू त्यांच्यापर्यंत फारसा पोचतच नसे. भाचीने विचारले, “मग मामाआजोबा, ज्याच्यापर्यंत चेंडू सारखा येत होता तो मोठा की नाही?” त्या डावात मामांनी आपले मत तिलाच दिले.

निवडीत काही गोष्टी खटकतात. वेष्टनावर ‘भारतीय हॉकीचे दिग्गज’ असे लिहिले आहे, परंतु आत एकही स्त्री खेळाडू नाही. राणी रामपाल नाहीत, सविता पुनिया नाहीत, २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या संघातील कोणी नाही. पुरुष संघापुरताच संच करायचा असेल तर तसे वेष्टनावर लिहावे. फाळणीपूर्व संघाबाबतही धोरण स्पष्ट नाही. बर्लिनला आयत्या वेळी बोलावून घेतलेले आणि अंतिम सामन्यात गोल करणारे अली दारा यात नाहीत. ते पुढे १९४८ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले म्हणून वगळले असावेत, असा दाजींचा अंदाज आहे. पण ज्या दिवशी ते बर्लिनमध्ये खेळले त्या दिवशी ते भारताकडूनच खेळले. अँग्लो-इंडियन खेळाडूंना मात्र योग्य जागा मिळाली आहे, आणि १९२८ मध्ये कर्णधार जयपाल सिंग यांनी अंतिम सामन्यापूर्वी संघ सोडल्याचा उल्लेख त्यांच्या पत्त्यावर अकारण रंगवून न सांगता केला आहे, हे चांगले. रूप सिंग यांच्या पत्त्यावर ग्वाल्हेरच्या स्टेडियमला त्यांचे नाव असल्याची नोंद आहे. सचिन तेंडुलकर यांनी एकदिवसीय सामन्यातील द्विशतक याच मैदानावर केले होते, हे आमच्यापैकी तिघांना ठाऊक होते. कॅप्टन रूप सिंग कोण, हे मात्र एकट्या मामांना ठाऊक होते.

१९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला एकूण सात पत्ते मिळाले आहेत आणि ते वाजवी आहे. मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पराभव समोर दिसत असताना अस्लम शेर खान यांनी पेनल्टी कॉर्नरवर केलेली बरोबरी आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अशोक कुमार यांचा विजयी गोल, या दोन्हींचे वर्णन मोजक्या शब्दांत आहे. त्या गोलावर पाकिस्तानी खेळाडूंनी हरकत घेतली होती, हेही लपवलेले नाही. कर्णधार अजितपाल सिंग यांचा पत्ता तर ज्याला सेंटर हाफचे काम समजून घ्यायचे आहे त्याने वाचावा असा आहे, जरी त्यावर जागा ‘मधला अर्धा’ अशी असली तरी.

या हाफ मंडळींपाशीच दुसऱ्या खेळातील खरी त्रुटी आहे. नियमानुसार संघ जुन्या भारतीय पद्धतीने मांडायचा असतो : पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक, एक गोलरक्षक. चार खेळाडू असतील तर बारा हाफ लागतात, आणि संचात आहेत नऊ. फॉरवर्ड एकोणतीस आहेत. त्यामुळे प्रत्येक डावात कोणाला तरी मधली फळी अपुरी ठेवावी लागते किंवा बॅकला पुढे ओढावे लागते. आज कोणताही संघ अशी रचना खेळत नाही, हा आक्षेप वेगळा. पण संचाने स्वतः घातलेला नियम स्वतःच्याच पत्त्यांनी पाळता येऊ नये, ही ढिलाई आहे. तिघे जण खेळलात तर नऊ हाफ बरोबर पुरतात, तेही वाटपात ते सारखे आले तरच. म्हणून आम्ही आता हाफ आधी वेगळे काढून वाटतो आणि मगच उरलेले पत्ते पिसतो.

कोरे पत्ते आहेत ते याच कामी आले. क्लॉडियस यांच्यासोबत १९४८ आणि १९५२ मध्ये मधल्या फळीत खेळलेले, लाहोरमध्ये जन्मलेले केशव दत्त संचात नाहीत, हे मामांना पहिल्या दिवसापासून सलत होते. गेल्या रविवारी त्यांनी एका कोऱ्या पत्त्यावर शाईच्या पेनने त्यांचे नाव लिहिले, त्याखाली स्वच्छ अक्षरांत ‘हाफ’ असे लिहिले आणि पदकांच्या चौकटीत दोन. गुळगुळीत मुलाम्यावर शाई धरत नाही. पत्ते पिसताच नाव पुसट झाले आणि दोनाचा आकडा बाजूच्या चौकटीत पसरला. ज्यांना कोरे पत्ते वापरायचे आहेत, त्यांनी पक्क्या शाईचा मार्कर जवळ ठेवावा, आणि दुसरा कोरा पत्ता बलबीर यांच्या छायाचित्रासाठी राखून ठेवावा, कारण तो बदलून येईल असे दिसत नाही.